कांड्या कोण भरतं? : व्हॅन गॉगच्या विणकराच्या घरात

माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर एका चित्राची छापील प्रत चिकटवलेली आहे. शाईतले रेखाटन. लाकडी मागाची भली मोठी चौकट, तिच्या आत बसलेला विणकर, आणि बाजूला उंच पायांच्या खुर्चीत बसवलेले लहान मूल. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हे 1884 च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या न्यूनेन या खेड्यात काढले. मूळ कागद ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. मी ॲमस्टरडॅमला गेलेलो नाही, जाईन असेही वाटत नाही. माझी प्रत नारपोलीच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काढून दिलेली आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात त्याच्या यंत्राचा काळा पट्टा उमटला आहे. अशा प्रतीवरून चित्रकलेवर लिहू नये असे जाणकार म्हणतील. त्यांचे बरोबर आहे. पण या लेखात मला जे म्हणायचे आहे ते रेषेच्या सौंदर्याबद्दल नाही. त्या घरात कोण आहे आणि कोण नाही, एवढ्याबद्दलच आहे, आणि तेवढे झेरॉक्समध्येही दिसते.

आमच्या गल्लीत एक वृद्ध चाचा राहतात. आजमगढकडून तरुणपणी भिवंडीत आले, चाळीस वर्षे लूम चालवली, आता कानाने अधू आहेत. मी एका कारखान्यात मेहता होतो तेव्हापासूनची ओळख. एकदा पावसाळ्यात ते घरी आले असता त्यांची नजर या चित्रावर गेली. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता विचारतील, हे कोणी काढले, केवढ्याला विकले जाते. त्यांनी विचारले, "मेहताजी, इसकी कांडी कौन भरता है?"

मला उत्तर देता आले नाही. आणि उत्तर देता आले नाही याची लाज वाटली, कारण त्याच्या काही वर्षे आधी एका दिवाळी अंकात याच चित्रमालिकेवर मी ऐटीत लेख लिहिला होता. त्यात मी मागाला पिंजरा म्हटले होते, विणकराला कैदी म्हटले होते, आणि यंत्रयुगातल्या माणसाच्या एकटेपणावर दीड पान खर्च केले होते. कांडीचा शब्दही नव्हता. विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाने तो लेख लिहिला होता. आज तो मी मागे घेतो आहे.

*

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हॅन गॉग मराठी वाचकाला अपरिचित नाही. आयर्व्हिंग स्टोनची 1934 सालची कादंबरी आणि तिच्यावरचा 1956 चा चित्रपट यांनी त्याला आपल्याकडे घरोघरी पोहोचवले. परंतु आपल्या ओळखीचा व्हॅन गॉग आर्लचा आहे : सूर्यफुले, पिवळे घर, कापलेला कान. दिवाळी अंकांमध्ये त्या एका कानावर जेवढी शाई सांडली आहे तेवढी त्याच्या न्यूनेनमधल्या दोन वर्षांवर सांडलेली नाही. डिसेंबर 1883 मध्ये तो तिशीत, हातात काही नसताना, आईवडिलांच्या घरी परतला. वडील न्यूनेनला धर्मोपदेशक होते. घरात कपडे धुण्या-पिळण्याची एक खोली होती, तीच त्याची पहिली चित्रशाळा. जानेवारीत आईचे मांडीचे हाड मोडले आणि तिच्या शुश्रूषेत त्याचे दिवस जाऊ लागले. उरलेल्या वेळात तो गावातल्या विणकरांच्या घरी जाऊन बसे. त्या वर्षभरात त्याने विणकरांची दहाच्या आसपास तैलचित्रे आणि त्याहून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे केली. 1885 च्या वसंतात केलेले ‘बटाटे खाणारे’ हे प्रसिद्ध चित्र याच गावातले, पण ते नंतरचे. मागावरचे काम त्याच्या आधी झालेले आहे.

विणकरांचे आकर्षण त्याला आधीपासून होते. 1880 मध्ये बेल्जियमच्या खाणपट्ट्यातून लिहिलेल्या एका पत्रात त्याने उत्तर फ्रान्समध्ये पायी फिरताना पाहिलेल्या विणकरांचा उल्लेख केला आहे. ते त्याला स्वप्नात चालणाऱ्या माणसांसारखे वाटले होते. पुढे न्यूनेनहून व्हान रापार्ड या चित्रकार मित्राला लिहिताना त्याने मागाचे वर्णन केले ते असे की, काळवंडलेल्या ओकच्या त्या दांड्यांच्या गुंत्यात एखादे माकड किंवा भूत बसलेले असावे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने त्या दांड्या खडखडवीत राहावे. एखाद्या यंत्रतज्ज्ञाने काढलेला मागाचा आराखडा आपल्या चित्राशेजारी ठेवला तर आपल्या चित्रातून एखादा सुस्कारा ऐकू यावा, अशीही त्याची इच्छा होती.

म्हणजे पिंजऱ्याची आणि भुताची कल्पना समीक्षकांनी हवेतून आणलेली नाही. चित्रकारानेच ती हाती दिली आहे. मी माझ्या जुन्या लेखात या पत्राचा पुरेपूर उपयोग केला होता. चित्रकार स्वतः सांगतो आहे म्हटल्यावर आपण पुढे बघत नाही, हा स्वयंशिक्षित माणसाचा मोठा दोष. पुस्तकातल्या वाक्याला आपण साक्षीपुराव्यासारखे धरतो.

आता मागाकडे पाहू. माझे आजोबा सोलापूरचे, पद्मशाली. घरात तेलुगू आणि मराठी यांची खिचडी, आणि मागाला शब्द ‘मग्गम’. त्यांचा खड्डामाग होता. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात, कापड त्याच्या पोटासमोर जमिनीलगत पसरलेले असते. दारातून आत आलेल्याला आधी माणूस दिसतो, मग माग. डच माग याच्या उलट. चार खांबांची उंच चौकट असते, वर आडव्या तुळया, विणकर बाकावर त्या चौकटीच्या आत बसतो. कुठूनही पाहा, त्याच्या आणि आपल्यामध्ये एखादा दांडा येणारच. आमच्या आजोबांनाही कोणी त्या मागावर बसवले असते तर तेही कैदी दिसले असते, आणि त्या डच विणकराला खड्ड्यात बसवले असते तर समीक्षकांनी थडगे म्हटले असते.

दुसरी गोष्ट, जी चित्रकाराने स्वतःच पत्रांत सांगितली आहे पण तिला फारसे कोणी महत्त्व देत नाही. विणकरांच्या खोल्या इतक्या लहान असत की मागापासून पुरेसे मागे सरायला जागाच नसे. अगदी मागाला चिकटून बसावे लागे, त्यामुळे मापे घेणे कठीण जाई, प्रमाण चुके. या मागांवर अजून पुष्कळ घाम गाळावा लागणार, असे तो भावाला कळवतो. म्हणजे माग अंगावर आल्यासारखा दिसतो, कागदभर पसरतो, माणूस त्याच्या मागे आक्रसतो, यात प्रतीकाचा भाग असेल तेवढा असो. खोलीच्या लांबीरुंदीचा भाग नक्की आहे. भिवंडीत ज्याने कोणी खोलीत मोबाईलवर लग्नाचा ग्रुप फोटो काढायचा प्रयत्न केला आहे त्याला हे लगेच कळेल. मागे भिंत आहे, आता पुढे काय सरकायचे!

मला हे ध्यानात आले तेव्हा पिंजऱ्याचा अर्धा जोर ओसरला. उरलेला अर्धा चाचांच्या प्रश्नाने गेला.

*

कांडी म्हणजे काय हे मागाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. कापडात उभे सूत म्हणजे ताणा. तो एकदा मागावर चढवला की बरेच दिवस पुरतो. आडवे सूत म्हणजे बाणा. ते धोट्याच्या पोटातल्या छोट्या नळीवर गुंडाळलेले असते. ती नळी म्हणजे कांडी. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो तसतशी ती उलगडत जाते आणि काही मिनिटांत संपते. संपली की माग थांबवायचा, भरलेली कांडी धोट्यात घालायची, पुन्हा सुरू. दिवसभरात अशा कितीतरी कांड्या लागतात. त्या कोणीतरी सतत भरत बसले पाहिजे. कारखान्यात त्याला यंत्र असते, आणि त्या यंत्रावर बहुधा बाई असते. घरच्या मागाला चरखा असतो, आणि त्या चरख्यावर तर बाईच असते. विणकर एकटा कधीच विणत नाही. एका मागावर दोन माणसे असतात, फक्त दुसरे माणूस मागावर बसलेले नसते.

हे मनात धरून मी व्हॅन गॉगची पत्रे पुन्हा वाचायला घेतली. ती आता 2009 च्या संपूर्ण आवृत्तीमुळे कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि माझ्यासारख्यांवर हे मोठे उपकार आहेत. दोन पत्रे मला आधीपासून माहीत होती. पण ती मी वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळ्या ठिकाणी वापरली होती. शेजारी ठेवून वाचली नव्हती.

पहिले पत्र 1884 च्या वसंतातले, भाऊ थिओला लिहिलेले. त्यात तो एका तैलचित्राविषयी सांगतो. जुन्या, हिरवट-तपकिरी ओकचा माग आहे, त्यावर 1730 हे साल कोरलेले आहे. मागाजवळ एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून हिरवळीचा तुकडा दिसतो. खिडकीपुढे उंच खुर्ची, तीत एक मूल. ते तासन् तास इकडून तिकडे जाणाऱ्या धोट्याकडे बघत बसते. मातीच्या जमिनीची ती केविलवाणी खोली आपण आहे तशी रंगवायला घेतली आहे, असे तो म्हणतो. (1730 या आकड्यावर माझ्यातला मेहता थोडा अडखळला. दोरीच्या झटक्याने धोटा फेकण्याची युक्ती इंग्लंडमध्ये जॉन केने पेटंट केली ती 1733 मध्ये. म्हणजे तो माग त्या युक्तीपेक्षाही तीन वर्षांनी जुना, आणि दीडशे वर्षांनंतरही चालू. आमच्याकडे वीस वर्षांची लूम भंगारात जाते.)

दुसरे पत्र नंतरचे, आणि ते हिशोबाचे आहे. त्यात तो सांगतो की विणकराला साठ एल कापडाचा एक ताका विणायला आठवडा लागतो. तो विणत असताना बायकोला कांड्या भराव्या लागतात, म्हणजे राबणारी माणसे दोन आणि त्या एका ताक्यावर जगणारीही दोन. सगळे वजा जाता आठवड्याला साडेचार गिल्डर सुटतात. आणि ताका घेऊन तो व्यापाऱ्याकडे गेला की हल्ली त्याला सांगितले जाते, पुढचा ताका आठवडा-दोन आठवडे आणू नकोस. मजुरीही कमी आणि कामही कमी. हे विणकर आपल्याला गाडीला जुंपलेल्या म्हाताऱ्या घोड्यांइतके किंवा बोटीने इंग्लंडला नेल्या जाणाऱ्या मेंढ्यांइतकेच उल्हसित दिसतात, असा कडवट विनोदही त्याने केला आहे.

हे वाचताना मला क्षणभर वाटले की मी न्यूनेनचे नाही, भिवंडीचे वर्णन वाचतो आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा, मजुरी मापावर, मंदी आली की आधी थांबतो तो विणणारा. जॉब वर्कवर चालणाऱ्या कारखान्यात मी इतकी वर्षे हेच खाते लिहीत आलो.

आता ही दोन पत्रे एकावर एक ठेवून पाहू. विणकराचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय मागात गुंतलेले आहेत. बायकोचा एक हात चरख्याच्या चाकावर, दुसरा सुतावर. दोघांपैकी एकही थांबला तर दुसरा काही मिनिटांत थांबतो, आणि दोघे थांबले तर साडेचार गिल्डरही नाहीत. मग मुलाला कोण घेणार? कोणीच नाही. म्हणून ते उंच खुर्चीत आहे. धोट्याकडे ते तासन् तास बघते, कारण त्या खोलीत हलणारी तेवढी एकच वस्तू त्याच्यासमोर आहे आणि उचलून घ्यायला कोणाचाही हात मोकळा नाही. ‘तासन् तास’ या शब्दात चित्रकाराला मुलाचे कुतूहल दिसले असेल. मला त्यात घराचे वेळापत्रक दिसते.

आणि ती बाई? रेखाटनात ती नाही. पण व्हॅन गॉगने तिला पाहिले नाही असे मुळीच नाही. न्यूनेनमध्येच त्याने सूत गुंडाळणाऱ्या बायकांची वेगळी चित्रे केली आहेत. त्यांतले एक छोटे तैलचित्र 1885 चे, तेही ॲमस्टरडॅमलाच आहे. पुस्तकांत मात्र ती चित्रे ‘शेतकरी स्त्रिया’ या प्रकरणात छापतात आणि माग ‘विणकर’ या प्रकरणात. एकाच खोलीतली दोन माणसे दोन प्रकरणांत गेली. चाचांनी एका प्रश्नात जे विचारले ते विचारायला मला ही प्रकरणांची भिंत आड आली होती.

*

लहानपणी मे महिन्यात आम्ही सोलापूरला आजोळी जात असू. माग पुढच्या खोलीत. त्याच खोलीच्या तुळईला मावशीच्या मुलाची झोळी बांधलेली. आजी दाराजवळ उजेडाला चरखा घेऊन बसे. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली असे. हात चरख्यावर आणि पाय झोळीवर. आजोबांना ही सोय नव्हती. त्यांचे पाय खड्ड्यात. मूल फारच रडू लागले की आजीला उठावे लागे, आणि ती उठली की थोड्या वेळाने आजोबांची शेवटची कांडी संपे. मग माग थांबे. त्या थांबण्याची मला अजून आठवण आहे. घर एकदम मोठे वाटू लागे, बाहेरचा कावळा ऐकू येई, आणि आजोबा काही न बोलता धोटा मांडीवर घेऊन बसून राहत. रागावत नसत. पण आम्ही मुले घाबरून अंगणात पळत असू.

हे मी गतकातर होऊन सांगत नाही. सांगण्याचे कारण चित्रकलेतल्या ‘शांत घर’ या कल्पनेशी आहे.

डच चित्रकलेची जगभर जी ओळख आहे तिच्यात शांत घराचा वाटा मोठा आहे. सतराव्या शतकात पीटर द होख, व्हर्मीर यांनी ते रंगवले : खिडकीतून येणारा उजेड, स्वच्छ फरशी, एखादी बाई दूध ओतते आहे, पत्र वाचते आहे, लेस विणते आहे. व्हर्मीर मध्यंतरी जवळजवळ विसरला गेला होता. 1866 मध्ये तोरे या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर लिहिले आणि एकोणिसाव्या शतकाने ते शांत घर पुन्हा शोधून काढले. त्याच काळात हेग स्कूलचे चित्रकार, विशेषतः जोसेफ इस्राएल्स, कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या झोपड्यांमधली शांतता रंगवीत होते. पाळणा, चूल, वाट बघणारी आई. या चित्रांना बाजार होता, इंग्लंड-स्कॉटलंडपासून अमेरिकेपर्यंत. व्हॅन गॉगला इस्राएल्सविषयी नितांत आदर होता, भाऊ पॅरिसमध्ये चित्रविक्रीच्या पेढीवर होता, आणि आपले माग रंगाने आणि छटेने इतर डच चित्रांच्या शेजारी शोभून दिसावेत अशी त्याची धडपड पत्रांत दिसते. म्हणजे हा माणूस परंपरा मोडायला निघाला नव्हता. त्याला त्या रांगेत बसायचे होते.

परंतु माग त्या रांगेत बसत नाही. कारण तो आवाज करतो. दूध ओतण्याचा, लेस विणण्याचा, वाट बघण्याचा आवाज नसतो, असला तरी चित्राच्या शांततेला तो पूरक असतो. मागाचा ठोका घर व्यापतो. जुन्या चित्रांत घर शांत असणे हे सुखाचे लक्षण आहे : काम आटोपले आहे किंवा बेताने चालले आहे, खाऊन-पिऊन बरे आहे. विणकराच्या घरात हे गणित नेमके उलटे आहे. तिथे शांतता म्हणजे कांडी संपली, सूत संपले, किंवा व्यापाऱ्याने पुढचे दोन आठवडे येऊ नकोस म्हणून सांगितले. नारपोलीत रात्री वीज गेली की लोक आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने जागे होतात. खाटेवर उठून बसतात आणि वाट बघतात. पुन्हा खडखडाट सुरू झाला की झोपतात.

म्हणून या चित्रांना ‘शांत गृहदृश्य’ म्हणणे मला पटत नाही, आणि ‘पिंजरा’ म्हणणेही आता पटत नाही. पिंजऱ्यात माणूस एकटा असतो आणि दार उघडले की सुटतो. इथे दार उघडेच आहे. या घरातल्या माणसांना मागाने नाही, एकमेकांच्या हातांनी बांधले आहे.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. मुलांची उंच खुर्ची डच चित्रांत नवी नाही. खात्यापित्या घरांच्या जुन्या चित्रांतही ती दिसते. मग न्यूनेनच्या खुर्चीवर एवढा भार का टाकायचा? आक्षेप रास्त आहे. खुर्ची ही गरिबीची खूण नव्हे. पण त्या जुन्या चित्रांत मुलाच्या आसपास साधारणपणे आई असते, दाई असते, निदान मोलकरीण असते, आणि बहुधा तिची नजर मुलाकडे असते. इथे मुलाच्या शेजारी माग आहे. आणि विणकराची नजर कापडावर आहे, तशी ती असलीच पाहिजे, नाहीतर धागा तुटलेला कळत नाही.

याच विषयाचे दुसरे टोक पाहायचे तर केटे कोलविट्झ घ्यावी. 1844 च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर गेरहार्ट हाउप्टमानने 1892 मध्ये नाटक लिहिले. ते पाहून तिने 1893 ते 1897 या काळात सहा मुद्राचित्रांची मालिका केली. पहिल्याच चित्रात विणकराची खोली आहे. पुढे अंथरुणावर मरणासन्न मूल, त्याच्यावर वाकलेली आई, डोके दोन्ही हातांत धरलेले, मागे अंधारात माग. तिथे माग थांबलेला आहे हे सांगावे लागत नाही. आईचे हात मोकळे झाले आहेत, पण मूल वाचवण्याची वेळ निघून गेली आहे. कोलविट्झचे चित्र अधिक थेट आहे, अधिक धाडसीही. बर्लिनमध्ये त्याला पदक देण्याची शिफारस झाली तेव्हा कैसरने ती फेटाळली, यावरून ते कोणाला टोचले हे कळते. तरी मला व्हॅन गॉगचे मूल जास्त अस्वस्थ करते. ते आजारी नाही, उपाशी दिसत नाही, रडतही नाही. त्याच्याबाबतीत काहीच घडलेले नाही. ते फक्त बसलेले आहे.

आणि आपल्याकडे? बॉम्बे स्कूलने घर रंगवले, नाही असे नाही. पेस्तनजी बोमनजींनी पारशी घरे रंगवली. मूळचे कोल्हापूरचे, पाठारे प्रभू समाजातले महादेव विश्वनाथ धुरंधर यांना 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते एका घरगुती विषयावरच्या चित्रालाच, ‘आलीस का लक्ष्मी’ अशा अर्थाच्या नावाचे. धुरंधरांच्या रेषेवर माझे प्रेम आहे. लुगड्याच्या निऱ्या त्यांच्यासारख्या कोणी काढल्या नाहीत. पण ते लुगडे ज्या मागावर विणले तो माग आणि ती खोली त्या काळच्या एखाद्या मराठी चित्रकाराने तैलरंगात, घर म्हणून रंगवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, येवले, पैठण, भिवंडी, एवढी मागांची गावे असताना! आपल्याकडे विणकर आला तो रूपक होऊन. कबीराचा माग म्हटला की आपण लगेच आत्म्याच्या चादरीकडे जातो. कबीराच्या कांड्या कोण भरत होते हे आपणही विचारले नाही.

व्हॅन गॉगने तो प्रश्न विचारला असे मी म्हणणार नाही. त्याने एका पत्रात त्याचे उत्तर लिहून ठेवले आणि चित्रात मात्र बाईला खोलीबाहेर ठेवले, एवढेच. कदाचित बसायला जागा नव्हती म्हणून. कदाचित चरखा दुसऱ्या खोलीत असेल. पण मुलाला त्याने खोलीत राहू दिले, आणि मूल तिथे असल्यामुळेच बाई नसल्याचे कळते. खुर्ची काढून टाका, उरतो तो माझ्या जुन्या लेखातला एकटा कैदी. त्याच्या अनेक माग-चित्रांत खुर्ची नाही, आणि त्या चित्रांवर माझा जुना लेख कदाचित चालूनही जाईल. या एका रेखाटनावर तो चालत नाही.

गेल्या वर्षी मी हे रेखाटन आईला दाखवले. ती आता थकली आहे, नजरही अधू आहे, म्हणून प्रत मोठी करून आणली. तिने बोटाने मूल चाचपले, मग माग. "रडत नाहीये ना? मग चालू असंल माग," म्हणाली. मी विचारले, आई कुठे असेल त्याची? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "कांड्या भरत असंल की. अजून कुठं जाणार?"

त्यानंतर मी सूत गुंडाळणाऱ्या बाईच्या त्या तैलचित्राचीही प्रत काढून आणली. रंगीत प्रतीला झेरॉक्सवाल्याने जास्त पैसे घेतले. चाचा आले तेव्हा दोन्ही समोर ठेवली. त्यांनी बाईचे चित्र उचलले, विणकराच्या डावीकडे धरून पाहिले, मग उजवीकडे, मुलाच्या बाजूला. तिथे ते त्यांना पटले. मग खिशातून जुना तुटका दोरा काढल्यासारखी दोन बोटे त्यांनी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात नेली आणि म्हणाले, चरखा इतका लांब नको, हात पोहोचला पाहिजे, अजून जवळ लावा. कपाटाच्या दारावर जागा कमी होती. मी वरचे कॅलेंडर काढले.